नियमाची अक्षरे आणि चाचणीचे दिवस : फॉर्म्युला वन मोटारशर्यतीतील तांत्रिक नियमबदलांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडेच्या इतिहासलेखनात निकाल, विक्रम आणि खेळाडूंची चरित्रे यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे नियमांच्या इतिहासाला मिळालेले नाही. क्रिकेटमध्ये नियम बदलला तरी बॅट आणि चेंडू बहुतांशी तेच राहतात. मोटारशर्यतीत मात्र तांत्रिक नियम बदलला की यंत्रच नव्याने घडवावे लागते, आणि कागदावरच्या नियमाने प्रत्यक्षात कशाला वाव दिला आहे, हे ते यंत्र धावपट्टीवर उतरेपर्यंत स्पष्ट होत नाही. हंगामापूर्वीच्या चाचण्यांचे महत्त्व येथे आहे. या चाचण्यांकडे सामान्यतः सरावाचा किंवा प्रसिद्धीचा भाग म्हणून पाहिले जाते. वस्तुतः नियमकर्त्याचा हेतू आणि अभियंत्याने लावलेला अर्थ यांची पहिली गाठ तेथेच पडते. प्रस्तुत निबंधात १९८२-८३ आणि २००९ या दोन नियमबदलांच्या आधारे या संबंधाचा विचार केला आहे.

सपाट तळाचा निर्णय

१९७७ साली लोटस संघाने मोटारीच्या बाजूच्या कप्प्यांचा तळ उलट्या पंखासारखा घडविला. मोटारीखालून जाणारी हवा त्यामुळे वेगवान होऊन तेथील दाब कमी होई आणि मोटार जमिनीकडे ओढली जाई. ‘ग्राउंड इफेक्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तत्त्वाच्या बळावर मारिओ आंद्रेत्ती यांनी १९७८ चे विजेतेपद मिळविले. बाहेरची हवा तळाखाली शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना खाली-वर सरकणाऱ्या झालरी लावलेल्या असत. एखादी झालर अडकली की ही ओढ क्षणात नाहीशी होई आणि वळणावरची मोटार चालकाच्या ताब्यात राहत नसे.

१९८१ साली सरकत्या झालरींवर बंदी आली आणि मोटार व जमीन यांत ६ सेंटिमीटर अंतर असावे, असा नियम झाला. परंतु हे अंतर मोजले जाई ते मोटार उभी असताना. ब्रॅबहॅम संघाचे अभियंते गॉर्डन मरे यांनी वेग वाढला की मोटार आपोआप खाली बसेल आणि वेग कमी झाला की पुन्हा वर येईल, अशी निलंबनव्यवस्था तयार केली. मोजमापाच्या वेळी मोटार नियमात बसे. धावताना मात्र नियमाचा हेतू उरत नसे. त्या वर्षीचे विजेतेपद ब्रॅबहॅमच्याच नेल्सन पिके यांना मिळाले. इतर संघांनी हाच मार्ग धरला. स्प्रिंगा इतक्या ताठ करण्यात आल्या की धावपट्टीवरील प्रत्येक उंचवट्याचा हादरा चालकाच्या पाठीला आणि मानेला बसू लागला.

१९८२ चा हंगाम दुःखद ठरला. ८ मे रोजी झोल्डर येथे जिल व्हिलनव्ह आणि १३ जून रोजी माँट्रियल येथे रिकार्दो पालेत्ती यांचा मृत्यू झाला. ऑगस्टमध्ये हॉकेनहाइम येथील अपघाताने दिदिए पिरोनी यांची फॉर्म्युला वन कारकीर्द संपली. या तिन्ही अपघातांची तात्कालिक कारणे निराळी होती आणि त्यांचा दोष थेट ग्राउंड इफेक्टवर टाकणे इतिहासदृष्ट्या योग्य होणार नाही. तथापि वळणावरील वेग मानवी मर्यादेपलीकडे गेला आहे, ही भावना त्यांनी दृढ केली. वर्षअखेरीस ‘फिसा’ या तत्कालीन नियामक संस्थेने १९८३ पासून चाकांमधला तळ सपाट असणे बंधनकारक केले.

हा निर्णय इतका उशिरा आला की मरे यांना नव्या हंगामासाठीची बीटी ५१ ही मोटार बाजूला ठेवावी लागली. सुमारे तीन महिन्यांत त्यांनी बीटी ५२ उभी केली : बाजूचे कप्पे जवळजवळ नाहीसे, वजन मागे सरकवलेले, आकार बाणासारखा. १३ मार्च १९८३ रोजी ब्राझीलमधील जाकारेपाग्वा येथे याच मोटारीने हंगामाची पहिली शर्यत जिंकली आणि पिके पुन्हा विजेते झाले. नियमबदलाचा सर्वाधिक फटका बसू शकेल असा संघच त्याचा सर्वाधिक लाभार्थी ठरला. सपाट तळाच्या नियमात आता काय उरले आहे, हा प्रश्न तेथे अधिक निर्भीडपणे विचारला गेला, एवढेच याचे कारण दिसते.

चाचणी ही स्वतः किती धोक्याची असू शकते, याचे भान मात्र उशिराच आले. मे १९८६ मध्ये पॉल रिकार्ड येथील चाचणीत मागचा पंख निखळून एलिओ दे आंजेलिस यांची मोटार उलटली व पेटली. शर्यतीच्या दिवशी असते तशी मदतयंत्रणा तेथे नव्हती. हेलिकॉप्टर येण्यास अर्धा तास लागला आणि दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. १९९४ साली इमोला येथे रोलंड रात्झेनबर्गर व आयर्टन सेना यांच्या मृत्यूनंतर घाईने नियमबदल करण्यात आले. त्याच मे महिन्यात सिल्व्हरस्टोन येथील चाचणीत पेद्रो लामी यांच्या लोटस मोटारीचा मागचा पंख निखळला आणि ते गंभीर जखमी झाले.

२००९ : दुहेरी डिफ्युझरचा वाद

एकामागून दुसरी मोटार धावताना पुढच्या मोटारीने ढवळलेल्या हवेमुळे मागच्या मोटारीची पकड सुटते आणि पुढे जाणे अवघड होते. हा दोष दूर करण्यासाठी २००९ चे नियम आमूलाग्र बदलण्यात आले. पुढचा पंख रुंद व मागचा अरुंद झाला, गुळगुळीत टायर परत आले आणि मोटारीच्या मागच्या टोकाला हवा वर सोडणाऱ्या डिफ्युझरची उंची १७५ मिलिमीटरपर्यंत मर्यादित झाली. त्याच वर्षी खर्चाच्या कारणावरून हंगामादरम्यानच्या चाचण्यांवर बंदी आली. हे दोन निर्णय एकाच वेळी लागू झाले, ही बाब पुढील घटनाक्रम समजण्यासाठी महत्त्वाची आहे.

५ डिसेंबर २००८ रोजी जागतिक मंदीच्या पार्श्वभूमीवर होंडा कंपनीने या खेळातून माघार जाहीर केली. ब्रॅकली येथील सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांचे भवितव्य त्यामुळे अनिश्चित झाले. ६ मार्च २००९ रोजी संघप्रमुख रॉस ब्रॉन यांच्या नेतृत्वाखाली व्यवस्थापनाने संघ ताब्यात घेतल्याचे जाहीर झाले. होंडाऐवजी मर्सिडीजचे इंजिन बसविलेली, जवळजवळ कोरी पांढरी मोटार तीनच दिवसांनी बार्सिलोना येथील चाचणीत उतरली आणि तिने प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. प्रायोजक मिळविण्यासाठी ती कमी इंधनावर पळविली जात असावी, अशी शंका तेव्हा घेतली गेली. २९ मार्चला मेलबर्न येथे जेन्सन बटन पहिले आणि रुबेन्स बारिकेल्लो दुसरे आले, तेव्हा ती शंका मिटली.

वादाचे मूळ तळाच्या दोन पातळ्यांत होते. तेव्हाच्या नियमानुसार मोटारीच्या तळाला मध्यभागी एक खालची आणि बाजूंना ५० मिलिमीटर उंचावरची अशा दोन पातळ्या असत. कोणत्याही पातळीला छिद्र नको, हा नियमाचा आशय. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या संघांनी या दोन पातळ्यांच्या मधल्या उभ्या अंतरातून हवेला वाट दिली. सरळ खालून पाहिले असता छिद्र दिसत नाही. परंतु हवा वरच्या दुसऱ्या मजल्यात शिरते आणि डिफ्युझर प्रत्यक्षात मोठा होतो. फेरारी, रेनो, रेड बुल आणि बीएमडब्ल्यू सौबर या चार संघांचे अपील १५ एप्रिल रोजी ‘एफआयए’च्या अपील न्यायालयाने फेटाळले. अक्षर मोडले नसेल तर हेतूच्या आधारे दोषी ठरविता येत नाही, हीच १९८१ ची भूमिका जणू येथे न्यायालयीन शिक्क्यानिशी पुढे आली. स्वतः ब्रॉन यांनी नंतर सांगितले की, नियमांत अपेक्षेपेक्षा अधिक पकड दडली असल्याची सूचना त्यांनी २००८ मध्येच तांत्रिक बैठकीत केली होती आणि ती स्वीकारली गेली नव्हती.

निकालानंतर प्रत्येक संघाला दुहेरी डिफ्युझर हवा होता. तो पडताळून पाहण्यास चाचणीचे दिवस मात्र नव्हते. शर्यतीच्या आठवड्यातील सरावाचे तासच तेवढे हाती होते. रेड बुलला तो मोनॅकोपर्यंत लावता आला नाही. तोपर्यंत बटन यांनी आघाडी घेतली होती. पहिल्या सातपैकी सहा शर्यती त्यांनी जिंकल्या. पुढे एकही नाही, तरीही ते विजेते ठरले. या यशाचे वर्णन बहुधा निर्धन संघाची परीकथा म्हणून केले जाते. ते अर्धेच खरे आहे. होंडाने २००८ ची मोटार लवकर सोडून देऊन मोठा खर्च व मनुष्यबळ २००९ च्या आराखड्यावर लावले होते. संघ निर्धन झाला तो मोटार तयार होत आल्यावर.

चाचणीबंदीची किंमत

बंदीचा परिणाम चालकांवरही झाला. २५ जुलै रोजी हंगेरीत बारिकेल्लो यांच्या मोटारीतून निखळलेली स्प्रिंग डोक्याला लागून फेरारीचे फेलिपे मासा जखमी झाले. त्यांच्या जागी बोलावलेल्या मायकेल शूमाकर यांना चालू वर्षाच्या मोटारीची चाचणी घेण्यास संमती मिळाली नाही. मानेच्या जुन्या दुखापतीमुळे अखेर त्यांनीही नकार दिला. लुका बादोएर हे फेरारीचे अनेक वर्षांचे चाचणीचालक, पण १९९९ नंतर ते शर्यतीत उतरले नव्हते. व्हॅलेन्सिया आणि स्पा येथे पात्रताफेरीत ते शेवटचे आले. त्याच स्पा येथे विजय मल्ल्या यांच्या फोर्स इंडिया संघाचे जान्कार्लो फिसिकेल्ला पात्रताफेरीत पहिले आणि शर्यतीत दुसरे आले. लगेच फेरारीने त्यांना बोलावले. अनोळखी मोटारीत, चाचणीविना, उरलेल्या पाच शर्यतींत त्यांना एकही गुण मिळाला नाही. चालक तोच, आठवड्यांचेच अंतर. चाचणीअभावी काय गमावले जाते याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

बंदीमुळे खर्च घटला, परंतु ज्ञान धावपट्टीवरून विंड टनेल आणि संगणकाकडे सरकले. तेथेही मोटारीची प्रतिकृती साठ टक्के आकाराची आणि हवेचा वेग ताशी १८० किलोमीटरपर्यंतच, अशा मर्यादा पुढे घातल्या गेल्या. २०१४ साली संकरित इंजिने आली तेव्हा हेरेथ येथील चार दिवसांच्या पहिल्या चाचणीत मर्सिडीज संघाने ३०९ फेऱ्या पूर्ण केल्या, तर सलग चार वर्षांच्या विजेत्या रेड बुलने अवघ्या २१.

२०२२ साली ग्राउंड इफेक्ट नियमानेच परत आणला गेला. फेब्रुवारीत बार्सिलोना येथे मोटारी सरळ रस्त्यावर वेगाने खाली-वर उसळू लागल्या. १९८० च्या सुमारास परिचित असलेला हा दोष बहुतेक संघांच्या गणितांत दिसलाच नव्हता. हंगामापूर्वी चाचणीचे एकूण सहा दिवस होते; त्यांत तो पुरता सुटला नाही. जूनमध्ये बाकू येथील शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरूनच मोटारीबाहेर आले. ऑगस्टमधील बेल्जियमच्या शर्यतीपासून ‘एफआयए’ने उसळीचे मोजमाप सुरू केले आणि २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटरने उचलण्यात आल्या. या वेळी अंतर उभ्या मोटारीचे आणि उसळी धावत्या मोटारीची, अशी दोन्ही मोजमापे नियमात आली.