मलिक अहमदचं नगर

अहिल्यानगर हे नाव 2024 सालचं. त्याआधीची पाच शतकं हे अहमदनगर. बोलण्यात नुसतंच ‘नगर’.

मूळ पुरुष मलिक अहमद. बाप पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, पुढे मुसलमान होऊन बहमनी दरबारात चढलेला. मुलाने मात्र बहमनींशीच फारकत घेतली. 28 मे 1490 रोजी भिंगारजवळ जहांगीरखानाची बहमनी छावणी गाफील होती. पहाटेच्या अंधारात अहमदने छापा घातला, खान मारला गेला. विजयाच्या जागी बाग उठली.

जुन्नरची राजधानी सोडून 1494 मध्ये सीनेकाठी शहर वसवलं आणि त्याला स्वतःचंच नाव दिलं. राजांना कसला संकोच!

नगरच्या किल्ल्याचा दगडी कोट अहमदचा नातू हुसेनने 1559 ते 1562 दरम्यान बांधला. 1600 मध्ये मुघलांनी तो घेतला.