वर्तुळाकार आरएनए आणि फुप्फुसाचा कर्करोग

ज्या रिबोन्यूक्लिइक अम्लाच्या (आरएनएच्या) रेणूची दोन्ही टोके सहसंयुजी बंधाने एकमेकांस जोडलेली असतात, त्यास वर्तुळाकार आरएनए म्हणतात. टोके मोकळी नसल्याने टोकाकडून आरएनएचे विघटन करणाऱ्या एंझाइमांचा त्यावर परिणाम होत नाही व तो कोशिकेत दीर्घकाळ टिकतो.

शोधाचा इतिहास : वनस्पतींना रोग जडविणाऱ्या व्हायरॉइडांचा आरएनए वर्तुळाकार असतो, असे एच. एल. झेंगर व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये दाखविले. १९७९ मध्ये प्राण्यांच्या कोशिकाद्रव्यातही अशी वर्तुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. १९९१ मध्ये अमेरिकेत बर्ट फोगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत डीसीसी या जीनच्या आरएनएमध्ये खंडांचा क्रम उलटसुलट झालेला आढळला. तथापि असे रेणू म्हणजे खंड जोडताना घडलेली चूक, असेच पुष्कळ काळ मानले गेले. आरएनए वेगळा करण्याची रूढ पद्धत त्याच्या शेपटीवर अवलंबून होती. वर्तुळास शेपटीच नसल्याने ते बहुधा निसटून जाई. २०१२ मध्ये जुलिया झाल्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो जीनांपासून असे रेणू तयार होतात, हे सिद्ध केले. २०१३ मध्ये बर्लिन व ऑर्‌हूस येथील संशोधकांनी एका वर्तुळावर सूक्ष्म-आरएनए ७ यास बांधणाऱ्या सत्तरांहून अधिक जागा दाखविल्या. सूक्ष्म-आरएनए विशिष्ट प्रथिनांची निर्मिती रोखतात. वर्तुळ त्यांना स्पंजाप्रमाणे शोषून घेते व हा अटकाव दूर होतो, अशी कल्पना त्यातून पुढे आली.

अर्बुदाची वाढ : २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी फुप्फुसाच्या ग्रंथिकर्करोगात पीआरकेसीआय जीनपासून बनणाऱ्या वर्तुळाचे कार्य वर्णिले. तिसऱ्या गुणसूत्राच्या एका भागाच्या प्रती वाढल्याने हे वर्तुळ अधिक प्रमाणात तयार होते. ते सूक्ष्म-आरएनए ५४५ व ५८९ यांना बांधते. त्यामुळे ई२एफ७ या प्रथिनावरील नियंत्रण सुटून अर्बुद वाढते. ईएमएल४ व एएलके या जीनांचे फुप्फुस-कर्करोगातील संमीलन जपानमध्ये २००७ मध्ये उघडकीस आले होते. त्या संमीलित जीनपासूनही वर्तुळ बनते आणि ते रुग्णाच्या रक्तद्रवात सापडते, असे २०१८ मध्ये आढळले.

महत्त्व व मर्यादा : २०२२ मध्ये जगात फुप्फुसाच्या कर्करोगाने सु. १८ लक्ष माणसे दगावली. हा रोग पुष्कळदा उशिरा लक्षात येतो व फुप्फुसातून ऊतक काढणे रुग्णास त्रासदायक असते. म्हणून रक्तात टिकणाऱ्या खुणेस मोठे मोल आहे. मात्र निष्कर्ष काढताना सावधगिरी आवश्यक ठरते. कर्करोगकारक मानलेले सूक्ष्म-आरएनए ७ चे वर्तुळ बृहदांत्राच्या अर्बुदात कर्करोग-कोशिकांत नसून भोवतालच्या आधार-ऊतकात असते, असे २०२० मध्ये दिसून आले. संपूर्ण अर्बुद एकत्र कुटून केलेल्या मोजणीत हा भेद लोपतो. यामुळे अशा रेणूची भूमिका ठरविताना तो कोणत्या कोशिकेत व किती प्रमाणात आहे, हे प्रथम तपासावे लागते.