पुराणिकाची लेक



तुकोबारायांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघाली की वाटेत चौफुला लागतो. तिथून केडगाव जवळच. पंचवीसएक वर्षे मी दिंडीबरोबर त्या वाटेने चाललो. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे हे ऐकून होतो, पण पाऊल कधी तिकडे वळले नाही. बाई बाटली, एवढ्या एका शब्दात आम्ही तिचा निकाल लावला होता.

तो शब्द माझ्या तोंडून कसा गळाला, ते आधी सांगतो. आम्ही लोअर परळचे, डिलाईल रोडच्या चाळीतले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. दुसरे वर्ष लागले तेव्हा आमच्या मजल्यावरचा एक कामगार दुखणे काढून गेला. दहाव्यानंतर घरच्यांनी मला चार शब्द बोलायला बोलावले. मी सवयीने प्राक्तन सांगितले. भोग भोगल्यावाचून सुटका नाही म्हणालो. कोपऱ्यात बसलेली त्याची बायको म्हणाली, "बुवा, भोग माझे असतील. पोरांनी काय केलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. चिपळ्या पिशवीत घालून मी खाली उतरलो.

त्याच मजल्यावर नगरकडची एक ख्रिस्ती परिचारिका राहायची. ती रोज संध्याकाळी त्या घरी आमटीभात नेऊन ठेवी, तोंडाने काही बोलत नसे. मी एकदा विचारले, "ताई, तुमच्यात दुःखाचं काय सांगतात?" तिने मला रमाबाईंचे आत्मचरित्रपर पुस्तक दिले, १९०७ साली लिहिलेली 'साक्ष'.

वाचले, आणि पहिलाच धक्का असा की ही तर आमच्यातलीच निघाली! वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीमंडळींनी त्यांना जाब विचारला होता. रमाबाई १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जन्मल्या. पुढे हे कुटुंब तीर्थे करीत हिंडले, ते देवळात पुराण सांगून. लोक शिधा, पैसा आणून ठेवीत, गरजेपुरते घेऊन उरलेले दानधर्मात जाई. मुलीला भागवत पाठ होते.

मग १८७४ ते ७७ चे दुष्काळी दिवस आले. गाठीचा पैसा व्रतांत आणि दानात संपला, भांडीकुंडी विकली गेली. शेवटचा तांदूळ संपल्यावर हे कुटुंब रानात शिरले. अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. अनंतशास्त्री पवित्र तळ्यात देह ठेवायला निघाले होते. थोरल्या मुलाने मोलमजुरी करीन म्हणून त्यांना थांबवले, पण वडील वाचले नाहीत. त्यांच्यामागे आई गेली, बहीण गेली. आईला खांदा द्यायला दोनच माणसे मिळाली. तिसरा भाऊ, चौथी रमा. उंची कमी, तिरडी खांद्याला पुरेना, म्हणून तिने ती डोक्यावर धरली.

इथे मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

आपल्या तुकोबारायांच्या घरावरही १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने हाच घाला घातला. पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, वाणीपणा बुडाला. त्या दुःखाने तुकोबा पांडुरंगाच्या अधिक जवळ गेले. रमाबाई मात्र त्याच आगीतून निघून दूर गेल्या. असे का व्हावे? मला वाटते, तुकोबांना देहू होते. वडिलार्जित देऊळ होते, डोंगर होता, पुढे टाळकरी मिळाले. शास्त्रीबुवांचे कुटुंब मात्र गावोगाव उपरे. लोक पुराण ऐकायला जमत. संस्कृत कितींना कळे, हा प्रश्नच आहे. ऐकणारे पुष्कळ होते, सोबतीला कोणी नव्हते. रमाबाईंनी आपल्या धर्मावर पुढे जे लिहिले ते मला सगळे पटत नाही. वारीतला भक्तिमार्ग त्यांनी आतून पाहिला असता तर लेखणी काही ठिकाणी थबकली असती. पण हे म्हणताना मीच अडखळतो, कारण त्या तिरडीला आमच्यातले कितीजण धावले?

भाऊ १८८० साली गेला, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली पटकीने. हाताशी मनोरमा नावाची तान्ही लेक. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी लंडनमध्ये त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या जोगिणी मायेने सांभाळत होत्या. हे बळ कुठून येते, असे विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची विहिरीकाठची कथा सांगितली गेली. त्या कथेने त्यांचे मन ओढून घेतले.

तरी त्या कुणाच्या मुठीत राहिल्या नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, म्हणून गुरुस्थानी असलेल्या जोगिणींशी वाद घातला. शाकाहार सोडला नाही. आणि बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांनीच लिहून ठेवले की मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. टिळा आहे, माळ आहे, पण विठोबा भेटला का, हे ज्याने स्वतःला रात्री विचारले असेल त्याला हे वाक्य परके वाटणार नाही.

११ मार्च १८८९ ला त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदासदन काढले, आमच्या परळहून हाकेच्या अंतरावर. सदनातली एक बालविधवा गोदूबाई जोशी पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली. सदन पुण्यास गेल्यावर १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ उठला, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकरही सल्लागार मंडळातून बाजूला झाले.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला १८९६-९७ च्या दुष्काळात सापडले. मध्यप्रांतात मुली भुकेने रस्त्यावर पडल्याचे ऐकून रमाबाईंना आपलेच रानातले दिवस आठवले. त्या स्वतः गेल्या आणि शेकडो मुलींना केडगावास घेऊन आल्या. आईबाप का मेले, याचा हिशेब त्यांनी मुलींपुढे मांडला नाही. पोटाला घातले, मग शिक्षण, विणकाम, छापखाना. स्वतःच्या उपासाचे कारण त्यांना वीस वर्षांनी या मुलींच्या तोंडावर दिसले असावे. त्या त्याला प्रभूची योजना म्हणत. मी त्याला काय म्हणावे ते मला अजून ठरवता आलेले नाही.

१९२१ साली मनोरमाही गेली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले, मुक्तीतल्या बायकांनीच ते छापले, आणि ५ एप्रिल १९२२ ला बाईंनी डोळे मिटले.

पुस्तक परत करायला गेलो तेव्हा ताई ड्युटीवर होत्या. ज्या माउलीला मी प्राक्तन सांगितले होते, तिच्याच घरी ते ठेवले. तिने पाणी दिले. मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी चुकीचं बोललो." ती म्हणाली, "असू द्या बुवा. धाकट्याची फी भरायची आहे, कुणाच्या ओळखीत काम असेल तर बघा." काम बघितले, डबे पोचवण्याचे मिळाले.

आता गुडघ्यांमुळे वारी होत नाही. शेवटच्या वारीत मात्र चौफुल्याला वीणेकऱ्यांना सांगून मी दिंडीतून बाहेर पडलो, रिक्षाने केडगावला गेलो आणि दुपारपर्यंत वरवंडला परतलो. विणेकरी म्हणाले, "कुठं गेला होता बुवा?" म्हटले, "आपल्याच एका पुराणिकबुवांच्या लेकीकडे."