कळफलकावरील शॉर्टकट आणि मराठी दस्तऐवज : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमात कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-एफ अशी शॉर्टकटची यादी विद्यार्थी पाठ करतात. वेळेची बचत एवढाच त्यांचा उपयोग सांगितला जातो. प्रस्तुत लेखात या कळांचा इतिहास मराठी लेखनाच्या अंगाने तपासला असून, चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत तो दस्तऐवजांच्या विश्वासार्हतेशी कसा जोडला जातो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शॉर्टकटचा उगम :
मजकूर कापणे, त्याची प्रत घेणे व तो चिकटविणे ही पद्धत लॅरी टेस्लर (१९४५-२०२०) व टिम मॉट यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या मध्यास विकसित केली. ॲपलच्या १९८३ मधील लिसा संगणकावर झेड, एक्स, सी व व्ही या शेजारच्या कळांना अनुक्रमे कृती रद्द करणे, कापणे, प्रत घेणे व चिकटविणे ही कामे मिळाली. पुढे विंडोजने कंट्रोल कळीसह हीच रचना स्वीकारली. ही सर्व रचना रोमन लिपीच्या कळफलकावर आधारलेली होती.

मराठी कळफलक व फाँटची समस्या :
भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक १९८० च्या दशकात केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या पुढाकाराने तयार झाला व १९९१ च्या भारतीय मानकात (आयएस १३१९४) समाविष्ट झाला. यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. सर्व प्रमुख भारतीय लिप्यांत 'क' ची कळ एकच असते. मराठीबरोबर तेलुगूचाही वापर असलेल्या सिरोंचासारख्या तालुक्यात ही सोय विशेष महत्त्वाची ठरते. इन्स्क्रिप्टमध्ये सी या कळीवर 'म' आणि व्ही या कळीवर 'न' आहे. मात्र कंट्रोल दाबताच विंडोज त्या कळांना रोमन नावांनीच ओळखते.

प्रत्यक्षात कार्यालयांत व छपाईच्या दुकानांत दीर्घकाळ कृतिदेवसारखे फाँट रूढ राहिले. टंकलेखनयंत्रावर बसलेला हात त्यांवर सहज चालत असे; कळफलकावर न सापडणारी जोडाक्षरे ऑल्ट कळ व आकडे वापरून काढली जात. परंतु या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसत असला तरी संगणकात रोमन 'डी' साठवला जातो. त्यामुळे असा मजकूर कंट्रोल-सीने उचलून फाँट नसलेल्या संगणकावर चिकटविल्यास निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. प्रत होते, पण मजकूर हरवतो.

युनिकोड आणि 'ऱ्या' चा प्रश्न :
विंडोज २००० पासून देवनागरीला युनिकोडचा आधार मिळाला. ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलून मराठी थेट लिहिता येऊ लागली. तरीही एक अडचण उरली. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद मराठीला अत्यावश्यक आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबून 'ऱ' घेता येतो, किंवा साध्या 'र्' नंतर कंट्रोल-शिफ्ट-१ दाबून अदृश्य जोडचिन्ह देता येते. दोन्ही रीतींनी 'गावकऱ्यांची' हा शब्द सारखाच दिसतो. पण संकेतांची तंतोतंत तुलना करणाऱ्या शोधात कंट्रोल-एफला एक रूप दिले, तर दुसरे सापडत नाही.

वनहक्कांचा संदर्भ :
गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ नुसार धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. या कायद्याने ग्रामसभा हे दाव्याचे पहिले पीठ ठरविले आहे. दावेदारांची यादी, ग्रामसभेचा ठराव, वनोपजाचा हिशेब ही कागदपत्रे आता गावाची मालमत्ता आहेत. गोंडी व माडिया भाषांतील व्यक्तिनामे आणि गावांची नावे देवनागरीत उतरविताना आधीच एकाची दोन रूपे होतात. त्यात संकेतांची भिन्नता मिसळली, तर यादीत असलेला माणूस शोधात 'नाही' ठरतो. ज्याची वहिवाट अनेक पिढ्यांची, त्याला पुन्हा पुरावा मागितला जाण्याचा धोका येथे संभवतो.

गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये व गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. म्हणजेच हा प्रश्न उद्या केवळ मराठीपुरता राहणार नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, शॉर्टकट ही केवळ वेगाची साधने नाहीत. प्रत घेणे व शोधणे या क्रिया मजकुरामागील संकेत प्रमाणित असतील तरच खऱ्या ठरतात. म्हणून या भागातील महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना कंट्रोल-सी शिकविताना युनिकोडमध्येच लिहिण्याचा आग्रह धरावा, 'ऱ्या' लिहिण्याची एकच रीत ठरवून द्यावी आणि कंट्रोल-एफने नाव सापडले नाही तर यादी डोळ्यांनी वाचण्याची सवय लावावी. ग्रामसभेचे दप्तर उद्या हेच विद्यार्थी लिहिणार आहेत.