मांजरांमधील विषाणूजन्य अतिसार

मांजराच्या पिलाला जुलाब झाले, की दूध बाधले असेल, असे समजून अनेक घरांत दोन दिवस वाट पाहिली जाते. दूध न पचल्याने जुलाब होतात, हे खरे. मात्र सोबत उलट्या, ताप आणि खाणे-पिणे बंद अशी लक्षणे दिसल्यास विषाणूसंसर्गाची शंका घ्यावी. लस न दिलेल्या पिलांच्या बाबतीत हा विलंब जिवावर बेतू शकतो.

यातील सर्वांत घातक विषाणू म्हणजे ‘फेलाइन पॅनल्युकोपेनिया’. श्वानपालकांना परिचित असलेल्या ‘पार्व्हो’चा हा जवळचा नातलग. तो आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा यांतील वेगाने वाढणाऱ्या पेशी नष्ट करतो. परिणामी शरीरातील पाणी झपाट्याने घटते आणि पांढऱ्या पेशी कमी झाल्याने प्रतिकारशक्ती ढासळते. या विषाणूवर हमखास औषध नाही. सलाइन, उलटी थांबविणारी औषधे आणि अन्य जंतुसंसर्ग रोखण्यासाठी प्रतिजैविके यांवरच उपचारांची भिस्त असते.

मांजरांमधील कोरोना विषाणू हा कोविडच्या विषाणूहून वेगळा आहे. त्याने बहुधा सौम्य जुलाब होतात. मात्र काही मोजक्या मांजरांत तो रूप बदलून ‘एफआयपी’ हा गंभीर आजार निर्माण करतो. रोटा विषाणूचा त्रास मुख्यत्वे लहान पिलांना होतो, तर ल्युकेमियाच्या विषाणूमुळे जुलाब दीर्घकाळ रेंगाळू शकतात.

पॅनल्युकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो आणि चपला, हात, भांडी यांवरून पसरतो. त्यामुळे घराबाहेर न जाणारे मांजरही सुरक्षित नसते. कोल्हापुरातील पेठांसारख्या दाट वस्तीत, जिथे मोकळी मांजरे घरोघरी वावरतात, तिथे ही बाब अधिक महत्त्वाची ठरते. माणसाला मात्र या विषाणूची बाधा होत नाही.

प्रतिबंधक लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत दिली जाते. त्यानंतर साधारण वर्षभरात पुढील मात्रा द्यावी लागते. माणसांची औषधे परस्पर देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक ठरते.

साध्या साबणाने हा विषाणू मरत नाही. फरशी व भांडी आधी धुऊन, एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटे भिजू द्यावीत. या आजाराने पिलू दगावलेल्या घरात लसीकरण पूर्ण न झालेले दुसरे पिलू आणू नये.