दालचिनीतले ‘चिनी’

ऑक्टोबरचा मध्य उलटला, की दोहातला उकाडा जरा मवाळ होतो. इथले जुने लोक या दिवसांना ‘वस्म’ म्हणतात. आपल्या घरांत त्याच सुमारास दिवाळीच्या फराळाची गडबड असते. करंजीच्या सारणात वेलची-जायफळ पडते. मॉलमधल्या बेकऱ्यांत लाल भोपळ्याचे केक, आल्याची बिस्किटे आणि दालचिनीचे रोल मांडले जातात. पाश्चात्त्यांच्या या शरद ऋतूतल्या बेकिंगमध्ये चार मसाले ठरलेले असतात: दालचिनी, सुंठ, लवंग आणि जायफळ. म्हणजे आपलाच मसाल्याचा डबा. हेच चार पदार्थ चिनी वैद्यकातही शतकानुशतके औषधे म्हणून वापरात आहेत. योगायोग म्हणावा, तर तसे नाही. यामागे एक समुद्रमार्ग आहे आणि तो आपण राहतो त्या आखाताच्या तोंडाशी येऊन टेकतो.

सुरुवात नावापासून करू. सूक वाकिफमधल्या मसाल्याच्या दुकानात दालचिनीला ‘किरफा’ म्हटले तरी मिळते. पण आखातातला जुना माणूस तिला ‘दारसीन’ म्हणतो. हा शब्द मूळचा फारसी, ‘दार-चिनी’. ‘दार’ म्हणजे झाड किंवा लाकूड. दार-चिनी म्हणजे चीनचे लाकूड. आपल्याकडे ‘र’चा ‘ल’ होऊन दालचिनी झाली. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत दालचिनीच्या जातीच्या सालीला ‘त्वक्’ म्हटले आहे, म्हणजे नुसती साल. वस्तू आपल्याकडे आधीपासून ठाऊक होती. बाजारातले नाव मात्र नंतर समुद्रावरून आले.

ते नाव का पडले असावे, याचा एक जुना खुलासा आपल्या गोव्यात छापलेल्या पुस्तकात सापडतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि १५६८ साली तिथेच वारला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा याच्या दरबारी त्याची ये-जा होती. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. त्यात दालचिनीवर एक पूर्ण संवाद आहे. चिनी व्यापारी ही साल होर्मुझला विकायला आणीत, म्हणून तिथल्या लोकांनी तिला ‘दार-चिनी’ म्हटले, असे ओर्ता सांगतो.

होर्मुझ हे बेट आखाताच्या तोंडाशी आहे. कतारपासून ते काही फार लांब नाही. १५१५ पासून १६२२ पर्यंत ते पोर्तुगीजांच्या ताब्यात होते आणि गोवाही त्यांचेच. अरबी घोडे होर्मुझहून गोव्याला आणि चौलला उतरत, आणि मसाले व कापड उलट दिशेने जात. त्यामुळे होर्मुझच्या पेठेतली बोली गोव्यातल्या वैद्याच्या कानावर यावी, यात नवल नाही. चिनी जहाजांविषयी त्याने सांगितले ते नुसते ऐकीव होते असेही नाही. चीनच्या मिंग सम्राटाचा नौदलप्रमुख झेंग हे याच्या १४१३ ते १४१५ च्या सफरीत चिनी ताफा खुद्द होर्मुझपर्यंत आला होता. त्याच्याबरोबरचा दुभाष्या मा हुआन याने होर्मुझचे वर्णन लिहून ठेवले आहे.

ओर्ताची एक चूक मात्र सांगायला हवी. त्याचे म्हणणे, सिलोनची दालचिनी आणि ‘कॅसिया’ नावाची साल एकच, फक्त नावे वेगळी. आजचे वनस्पतिशास्त्र सांगते, की ही दोन वेगळी झाडे आहेत. सिलोनची साल पातळ, तिचे अनेक पदर विडीसारखे एकात एक गुंडाळलेले असतात. चिनी कॅसियाची साल जाड, एकाच पदराची आणि चवीला उग्र. हिंदुस्थानातल्या वाण्याकडे दालचिनी म्हणून आज जे मिळते, ते बहुतेक कॅसिया असते आणि चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडून येते. म्हणजे नावाने जे सांगितले, ते आजही खरे आहे. हा फरक लक्षात ठेवावा. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

दालचिनीसारखाच आणखी एक शब्द आहे, चोपचिनी. फारसी ‘चोब-चिनी’, म्हणजे पुन्हा चीनचे लाकूडच. हे एका वेलीचे मूळ. चिनी वैद्य ते वापरीत आणि १५३५ च्या सुमारास ते गोव्यात आले. उपदंशाचा रोग तेव्हा पोर्तुगीजांबरोबर नव्याने पसरला होता. आपल्या वैद्यांनी त्याला ‘फिरंगरोग’ असे नावच दिले. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या संस्कृत ग्रंथात फिरंगरोगही आहे आणि त्यावर चोपचिनीही. परदेशातून आलेला रोग, परदेशातून आलेले औषध, आणि आपल्या वैद्याने दोन्ही ग्रंथात घेतली! आपले वैद्यक दारे बंद करून बसले नव्हते, याचा याहून चांगला पुरावा कोणता? चोपचिनीने उपदंश खरोखर बरा होत नव्हता, तो पेनिसिलीन आल्यावरच आटोक्यात आला, हेही सांगितले पाहिजे. एखादे औषध दूरवर पोचले म्हणजे ते गुणकारी ठरले, असे होत नाही.

आता त्या चार मसाल्यांचे चिनी वैद्यकातले स्थान पाहू.

दालचिनीची कोवळी डहाळी आणि खोडाची साल ही तिथे दोन वेगळी औषधे आहेत. डहाळी सर्दी-तापात घाम आणण्यासाठी, साल शरीरात ऊब आणण्यासाठी. इसवी सन २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने तापाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यातला दालचिनीचा काढा आजही प्रसिद्ध आहे. त्यात पाच द्रव्ये: दालचिनीची डहाळी, एका फुलझाडाचे मूळ, ताजे आले, ज्येष्ठमध आणि बोरांच्या जातीचे बारा खजूर. प्रत्येकाचे माप दिलेले आहे. पण खरी गंमत पुढे आहे. काढा घेतल्यावर गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घेऊन पडायचे, अंगाला हलका घाम येऊ द्यायचा. घामाच्या धारा लागू द्यायच्या नाहीत. पहिल्याच मात्रेने बरे वाटले, तर उरलेला काढा घ्यायचा नाही. थंड, चिकट, मांस, मद्य वर्ज्य. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला हे वाचून दाखवले, तर ती म्हणेल, “मग यात नवीन काय?”

ओले आले आणि सुंठ यांना चिनी वैद्य दोन निराळी औषधे मानतात. ओले आले सर्दी आणि मळमळीसाठी, सुंठ पोटातल्या गारव्यासाठी. आपल्याकडेही आर्द्रक आणि शुंठी यांचे गुण वेगळे सांगितले आहेत. नावाचा प्रवास मात्र इथे उलटा झाला. आल्याचे संस्कृत नाव ‘शृंगवेर’. तेच प्राकृतातून आणि इराणमार्गे अरबीत ‘जंजबील’ झाले. दालचिनीचे नाव आपण आखातातून घेतले, आल्याचे आपण आखाताला दिले. हिशेब चुकता झाला म्हणायचा.

लवंगेला चिनी भाषेत ‘खिळ्याचा सुगंध’ अशा अर्थाचे नाव आहे. इथले अरब तिला ‘मिस्मार’ म्हणतात, त्याचाही अर्थ खिळा. हान राजवटीत दरबारी अधिकारी सम्राटापुढे बोलताना तोंडाला वास येऊ नये म्हणून लवंग धरीत. ती येत होती मोलुक्का बेटांतून, म्हणजे चीनलाही ती परकीच. चिनी वैद्य उचकी आणि ओकारीवर लवंग देतात. आपण दातदुखीला लवंग धरतो, आणि तिच्यातले तेल दंतवैद्यही वापरतात.

जायफळही बांदा बेटांचे. चीनमध्ये ते जुन्या जुलाबावर देतात. पहाटेच्या जुलाबावरच्या एका प्रसिद्ध गोळीत ते असते. पण कच्चे देत नाहीत. ओल्या पिठाच्या गोळ्यात गुंडाळून भाजतात, म्हणजे पीठ त्यातले तेल शोषून घेते. मग पीठ टाकून देतात. ओर्ता गोव्यात लिहीत होता, त्याच काळात चीनमध्ये ली शिझेन हा वैद्य औषधी द्रव्यांचा आपला प्रचंड कोश रचत होता. तो १५७८ मध्ये पुरा झाला आणि १५९६ मध्ये छापून आला. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांच्या टेबलावर मात्र एकाच समुद्रातून आलेली लवंग आणि जायफळ होते.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी सासूबाई दोन महिने आमच्याकडे राहून गेल्या. धाकटी दीड वर्षाची होती. तिचे पोट बिघडले, की सासूबाई सहाणेवर जायफळाचा एक वळसा उगाळून चाटवीत. त्या गेल्या, सहाणही त्यांच्याबरोबर गेली. पुढच्या वेळी मी मिक्सरवर केलेली जायफळपूड पाव चमचा दुधात घातली. मुलगी इतकी गुंगली, की उठवली तरी डोळे उघडेना. डॉक्टरांनी तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. सकाळी ती हसत उठली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई फोनवर एवढेच म्हणाल्या, “अगं, मी वळसा म्हटलं होतं. चमचा कुठे म्हटलं?”

हे सारे वाचताना त्यांचे ते वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवत राहिले. झांग झोंगजिंगचा काढा मापाने होता आणि कुठे थांबायचे तेही सांगत होता. जायफळ भाजून त्याची धार कमी केलेली होती. शार्ङ्गधराच्या सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी फक्त १ भाग. आजीचा वळसा हेही मापच होते. ही औषधे हजारो मैल फिरली, ती आपल्या मापासकट. आपण विमानाने आलो, तेव्हा मसाल्यांची नावे बरोबर आणली आणि माप मागे ठेवले.

म्हणून सभासद भगिनींसाठी आणि बंधूंसाठीही चार गोष्टी.

जायफळ मोठ्या मात्रेत विषारी ठरते; छाती धडधडते, उलट्या होतात, भास होतात. सारणात चिमूटभर, एवढेच त्याचे स्थान ठेवावे. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात गुटीही आली. वर्षाच्या आतल्या बाळाला चाटण मधातून देऊ नये.

दालचिनीची पूड रोज खाण्याची टूम निघाली आहे. कॅसियात कुमारिन नावाचे द्रव्य असते, ते काही जणांच्या यकृताला बाधते. जर्मनीतल्या सरकारी तज्ज्ञांनी २००६ साली नाताळातल्या दालचिनीच्या बिस्किटांबद्दल याच कारणाने सावध केले होते. युरोपात रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम कुमारिन अशी धरतात. १५ किलोच्या मुलाला ती गाठायला साधारण अर्धा ग्रॅम कॅसियाची पूड पुरते. एखाद्या दिवशी रोल खाल्ल्याने काही होत नाही. रोजचा नेम असेल, तर सिलोनची पातळ पदरांची दालचिनी घ्यावी.

गावाहून येताना कुणी चूर्णे दिली, तर त्यातली द्रव्ये वाचून घ्यावीत. जातीफलादि चूर्ण नावाने साधे वाटते, पण त्याच्या पारंपरिक पाठात भांग असते. कतारमध्ये अमली पदार्थांचे कायदे कडक आहेत आणि विमानतळावर “आजीने दिले होते” हे उत्तर चालत नाही.

आणि शेवटचे म्हणजे, ताप तीन दिवस टिकला, मूल गुंगले किंवा दूध पिईना, तर काढा बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

यंदा सूक वाकिफला गेलात, तर मुलांना बरोबर न्या. दुकानदाराला ‘दारसीन’ मागायला सांगा, आणि त्या शब्दात चीन कसा लपला आहे तेही सांगा. शाळेत त्यांना कुणी विचारले, की तुम्ही इथे कधीपासून, तर आईबाबांच्या व्हिसाची तारीख तर ती सांगतीलच. पण आपल्या डब्यातली दालचिनी या आखाताला त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखते, हेही त्यांना ठाऊक असू द्या.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. फराळ मापात खावा!