फाईल पाठवू की लिंक?

मागच्या महिन्यात आमच्या मोहन्यातल्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "वर्षाचा हिशेब सगळ्यांना द्यायचा आहे. फाईल पाठवू की लिंक?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोन्ही शब्द रोज तोंडात, पण फरक कुणालाच सांगता येईना. मग आम्ही तो समजून घेतला. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

आमचं मोहने आंबिवली स्टेशनजवळ, उल्हास नदीच्या काठी. एनआरसीच्या कारखान्यामुळे इथे लांबलांबची माणसं येऊन राहिली. तेव्हा गावाकडचा एखादा कागद हवा असला की पत्र टाकायचं. मग दीर किंवा भाऊ तलाठ्याकडे खेटे घालणार, सातबारा काढणार आणि पाकिटात घालून टपालाने पाठवणार. वाट बघण्यात दिवसच्या दिवस जायचे. कागद एकच, आणि तो ज्याच्या हातात, त्याचा शब्द चालायचा. बाईच्या हातात तो क्वचितच यायचा.

आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पहिल्या शहरांत मुंबई होती. ईमेल आलं, आणि पत्राला जोडून कागद पाठवावा तशी ईमेलला जोडून फाईल जाऊ लागली. फाईल पाठवणं म्हणजे झेरॉक्स काढून देणं. दहा जणींना पाठवली की दहा प्रती झाल्या. नंतर आपण आपल्या प्रतीत चूक सुधारली, तरी त्यांच्याकडे जुनीच राहते.

लिंकची गोष्ट वेगळी. १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली नावाचे तंत्रज्ञ काम करत होते. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत. प्रत्येकाची माहिती वेगळ्या संगणकात, एकाचं दुसऱ्याला सापडत नसे. त्यांनी सुचवलं, की कागद जिथे आहे तिथेच राहू दे, फक्त त्याचा पत्ता सगळ्यांना द्या. तो पत्ता म्हणजेच लिंक. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही युक्ती जगाला फुकट वापरायला दिली. म्हणूनच आज आपण कुणालाही लिंक पाठवू शकतो.

पुढे २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आलं. आपले कागद दूरच्या मोठ्या संगणकात ठेवायचे आणि हवं त्याला पत्ता द्यायचा. २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोबरोबर कागदपत्रंही जाऊ लागली. १ जुलै २०१५ रोजी केंद्र सरकारने डिजिलॉकर सुरू केलं. त्यात सरकारी खात्याकडून आलेला दाखला मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरला जातो. आपण फोटो काढून ठेवलेल्या कागदाला मात्र तो मान नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्या कामाची सगळ्यात मोठी तारीख म्हणजे १ मे २०१८. त्या महाराष्ट्र दिनी राज्य सरकारने डिजिटल सहीचा सातबारा सुरू केला. पंधरा रुपयांत तो मोबाइलवर मिळू लागला. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्ती मोहीम काढून, जमीन बायकोच्या नावे करा, असं शेतकऱ्यांना सांगितलं होतं. बाईचं नाव कागदावर यावं ही पहिली पायरी. तो कागद तिला स्वतः उघडून बघता यावा ही दुसरी.

आता आमची चूक सांगतो. वही सोडून आम्ही हिशेब मोबाइलमध्ये ठेवायला लागलो होतो, तोही एकीच्याच. एका पावसाळ्यात तो मोबाइल भिजला आणि कायमचा बंद पडला. कर्जासाठी हिशेब दाखवायची वेळ आली, तर हाती काही नाही. पावत्या गोळा करून सगळं पुन्हा मांडेपर्यंत दोन महिने गेले आणि दिवाळीच्या फराळाची ऑर्डर हातची गेली. त्या ताईंना फार वाईट वाटलं. पण चूक त्यांची एकटीची नव्हती. सगळ्यांचा कागद एकीच्या पदरात बांधून आम्ही निर्धास्त झालो होतो.

आता आम्ही काय करतो? चालू हिशेब एकाच ठिकाणी ठेवतो आणि लिंक फक्त गटातल्या बायकांना देतो. दोघी लिहितात, बाकीच्या फक्त वाचतात. महिना संपला की त्याची फाईल सगळ्यांना पाठवतो, म्हणजे मागाहून आकडा बदलला तर कळतं. आणि वही? ती पुन्हा सुरू केली आहे.

एक सावधगिरी. लिंक हा पत्ता आहे, आणि पत्ता चोराच्या घराचाही असू शकतो. लॉटरी लागली, वीज कापणार, अशा निरोपाबरोबर आलेली लिंक उघडू नका. ओटीपी कुणाला सांगू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० नंबरला फोन करा.

तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं: बदलणाऱ्या कागदाची लिंक, पक्क्या कागदाची फाईल. या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या गटाचा हिशेब आज किती जणींना उघडून बघता येतो, ते बैठकीत विचारा. उत्तर 'एक' आलं, तर त्याच बैठकीत दुसरीला शिकवायला घ्या.